चार घड्यांची चिठ्ठी

आमच्या गावात सिस्टर म्हटलं की एकच. दवाखान्यात दोघी-तिघी आल्या आणि गेल्या, त्यांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत. सिस्टर म्हणजे शाळेची दाफिन्का. चाळीस वर्षं तिने आमच्या पोरांची डोकी, दात, घसे, पाठीचे कणे तपासले, आणि पुढे त्या पोरांच्या पोरांचेही. नगराध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, नोटांवरची चित्रं बदलली. दाफिन्का मात्र जिन्याखालच्या त्या हिरव्या खोलीत तशीच.

तिच्याबद्दल चांगलं सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला दुसरंच सांगायचं आहे. तिच्या माथी एक चूक बसली होती. तेरा वर्षं तिने ती वाहिली, आणि ती चूक तिची नव्हती. माझी होती. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते. तिला खरं सांगायची हिंमत मला तिच्या हयातीत होते की नाही, एवढीच ही गोष्ट.

दाफिन्का डॅन्यूबकाठच्या लोम शहरातून आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. हातात पुठ्ठ्याची पेटी, पायात शहरी बूट. आमच्या चिखलाने पहिल्याच आठवड्यात एक बूट खाल्ला. पुढच्या वर्षी तिने पोस्टमन आस्पारुहशी लग्न केलं. गावात म्हणायचे, पोस्टमनने तो बूट शोधून दिला म्हणून. आस्पारुह भला माणूस होता, पण छातीचा कच्चा. सात वर्षांत गेला. मूलबाळ नाही. कोणी हळहळलं की दाफिन्का म्हणायची, "मला तीनशे आहेत की. चार वाजले की ज्याची त्याला परत करते, रात्री झोप तरी लागते."

गणिताच्या तासाला पोट दुखणाऱ्यांसाठी तिच्याकडे वेगळी बाटली असायची. साखरेच्या पाण्यात पुदिन्याचे दोन थेंब. पोराला चमचा पाजायची आणि दाराबाहेर काढताना म्हणायची, "हे फक्त भागाकारापर्यंत चालतं बरं का. अपूर्णांकांना माझ्याकडे औषध नाही."

आता चिठ्ठ्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

ती आली त्या पहिल्या वर्षी शाळेत उवांची तपासणी अंगणात व्हायची, सगळ्यांदेखत. तेव्हाचे हेडमास्तर लष्करात राहून आलेले. ज्याच्या डोक्यात लिखा सापडतील त्याने अक्रोडाच्या झाडाखाली उभं राहायचं, आणि तिथेच केस कापायचं मशीन फिरायचं. त्या वर्षी वरच्या वस्तीतल्या जिप्सींची सेव्दा नावाची एक पोर झाडाखाली गेली. नऊ वर्षांची, कमरेपर्यंत वेणी. केस गोळा करायचं घमेलं दाफिन्काच्या हातात होतं, वेणी त्यातच पडली. दुसऱ्या दिवसापासून सेव्दा शाळेत आली नाही. ती कधीच आली नाही. चौदाव्या वर्षी तिचं लग्नही झालं.

दाफिन्का मला म्हणाली होती, "अक्का, मी ते घमेलं खाली ठेवू शकले असते."

पुढच्या तपासणीला तिने हेडमास्तरांना सांगितलं की आता हे माझ्या खोलीत होईल, दार लावून. आणि तिने एक पद्धत काढली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळेतल्या प्रत्येक पोराला एक चिठ्ठी. सगळ्या एकाच कागदाच्या, सगळ्यांना सारख्या चार घड्या. बहुतेकींत लिहिलेलं असायचं, 'सगळं ठीक'. कोणाच्या चिठ्ठीत असायचं की उवा आहेत, हे हे करा. कोणाच्या चिठ्ठीत दात, कोणाच्या चिठ्ठीत कान. डॉक्टरच्या पोराला चिठ्ठी, वरच्या वस्तीतल्या पोरालाही चिठ्ठी. कोणाच्या घडीत काय आहे ते दुसऱ्याला कळायचं कारण नाही. तीनशे चिठ्ठ्या ती आठवडाभर लिहीत बसायची. लोक हसायचे. पण त्यानंतर उवांपायी कोणतं पोर शाळेतून गेलं नाही.

आणि एक नेम होता. चिठ्ठीबद्दल ती चारचौघांत कधी बोलायची नाही. फार तर जवळ येऊन विचारायची, "बघितलीस ना?" बस.

आता माझं. मी चार यत्ता शिकलेली. त्यातलं एक वर्ष तर शेळ्यांमागे गेलं. छापील अक्षर मी वाचते, बोट ठेवून का होईना. हाताने लिहिलेलं मला जमायचं नाही. आमच्या लिपीत हाताने भरभर लिहिलं की अर्धी अक्षरं सारखीच दिसतात, नुसत्या उभ्या काठ्या, कुंपणासारख्या. कुठली काठी कुठल्या अक्षराची हे शिकलेल्यालाच कळतं.

माझी मुलगी रुम्याना नवऱ्याने टाकल्यावर इटलीला गेली, तिथल्या एका म्हातारीला सांभाळायला. तिची पोर नेवेना माझ्याकडे राहिली. जाताना बसच्या पायरीवरून रुम्याना म्हणाली, "आई, तुझ्यावर टाकून चाललेय. स्वच्छ ठेव तिला, नाहीतर मी येऊन घेऊन जाईन." ती थट्टेत म्हणाली असेल. मला ती थट्टा वाटली नाही. ती पोर गेली असती तर त्या घरात मी आणि घड्याळ, दोघंच उरलो असतो.

नेवेना पहिलीत गेली. ऑक्टोबरात ती चिठ्ठी घेऊन आली. मी उघडली. आधीच्या महिन्याची चिठ्ठी दोन शब्दांची होती, ही अर्धं पान भरून. सगळ्या काठ्या. त्यातला एक शब्द दोनदा आलेला, आणि त्याच्या पोटात तीन-चार काठ्या एकमेकींना चिकटलेल्या. आमच्याकडे 'उवा' हा शब्दही तसाच दिसतो. आणि पोर दोन दिवसांपासून डोकं खाजवत होती. वाचून घ्यायला शेजारी पेन्का होती, पण पेन्काला दाखवणं म्हणजे गावाला दाखवणं. तिथून ते टेलिफोनने इटलीला पोचायला एक आठवडा.

मी चिठ्ठी चुलीत घातली. रॉकेल आणलं, पोरीचं डोकं चोळलं, व्हिनेगरने धुतलं, वर्तमानपत्र पसरून फणीने विंचरलं. एकही ऊ पडली नाही. मी म्हटलं, बघ गेर्गिना, कशी वेळेवर गाठलीस.

चिठ्ठीत लिहिलं होतं की नेवेनाचा डावा डोळा आळशी आहे. बघत नाही, उजव्यावर काम ढकलतो. हिवाळ्याआधी व्रात्सा शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावतात. लहानपणी केलं तर डोळा सुधारतो, उशीर झाला तर सुधारत नाही.

हे मला त्यानंतर पाच वर्षांनी कळलं.

त्या आठवड्यात पावाच्या रांगेत दाफिन्का माझ्याजवळ सरकली. माझ्यामागे पेन्का उभी होती, कोबीच्या पानाएवढे कान करून.

"अक्का, बघितलीस ना?" दाफिन्का पुटपुटली.

"बघितली, सिस्टर. लगेच कामाला लागले."

"चांगलं केलंस. पण एकदा करून भागायचं नाही हं. रोज करावं लागेल."

"रोज?"

"रोज. रडली तरी. वसंत येईपर्यंत सोडायचं नाही."

"बाई गं," मी म्हटलं, "चामडी निघेल की."

"नाही निघत. सवय होते."

मागून पेन्का म्हणाली, "कसली सवय?"

"लवकर उठायची," दाफिन्का तिला म्हणाली, आणि पाव घेऊन गेली.

रोज काही माझ्याने झालं नाही, पण मार्चपर्यंत आठवड्यातून दोनदा मी त्या पोरीला रॉकेलने न्हाऊ घातलं. ती रडायची, मी म्हणायचे, सिस्टरने सांगितलंय. वर्गातली पोरं तिला 'चिमणी' म्हणायला लागली, पाखरू नव्हे, रॉकेलची. दाफिन्कालाही वास यायचा. नंतर तिने मला सांगितलं की तिला वाटलं, आजी जरा जास्तच काळजी घेतेय. डोळ्यावर पट्टी दिसेना, तर तिला वाटलं, शाळेत चिडवतील म्हणून घरी बांधत असतील. बिचारीने सगळं माझ्या बाजूनेच धरलं. आणि पुढच्या सप्टेंबरात नेवेनाने डाव्या डोळ्याने अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. दाफिन्काने तिला सफरचंद दिलं.

नेवेना बारा वर्षांची झाली. तिला मोठी होऊन व्रात्साची बस चालवायची होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून गियर पाठ करायची. त्या मे महिन्यात कुंपणाची काटेरी फांदी उलटून तिच्या उजव्या डोळ्यात लागली. मी तिला ओढतच शाळेत नेलं. दाफिन्काने डोळा धुतला, थेंब घातले, कापूस ठेवून पट्टी बांधली.

"काही नाही, वरवरचं आहे," ती म्हणाली. "तीन दिवस पट्टी. ऊठ बाळ, जा आजीबरोबर."

नेवेना उठली आणि सरळ वजनकाट्यावर जाऊन आदळली. काटा खणखणला, मी हसले, नेवेनाही हसली. मग म्हणाली, "आजी, दिवा कोणी घालवला?"

दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून एवढं ऊन येत होतं की टेबलावरची धूळ मोजता आली असती.

दाफिन्काने पोरीला खांद्याला धरून तक्त्यासमोर उभं केलं. "वाच." नेवेनाने घडाघडा वाचलं. दाफिन्काने तक्ता खिळ्यावरून काढला आणि उलटा टांगला. "आता वाच." नेवेनाने तेच, तसंच, घडाघडा परत म्हटलं.

पाच वर्षं ती रांगेत उभी राहून पुढच्या पोरांकडून ऐकत होती. पाठ होतं तिला. तिला वाटायचं, सगळ्यांनाच एका डोळ्याने असं दिसतं.

आम्ही तिघी बसने व्रात्साला गेलो. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिने बराच वेळ बघितलं आणि मग पोरीला बाहेर बसायला सांगितलं. म्हणाली, "सहा-सात वर्षांची असताना आणली असती तर हा डोळा जवळजवळ पूर्ण सुधारला असता. आता नाही. उजेड-अंधार, माणूस की झाड, एवढंच." मग चिठ्ठ्यांचं ऐकून म्हणाली, "तेव्हा कोणी लिहून दिलं नव्हतं का?"

परतीच्या बसमध्ये नेवेना ड्रायव्हरच्या मागे बसली होती. दाफिन्का माझ्याशेजारी.

"मी लिहून दिलं होतं, अक्का," ती म्हणाली. "अर्धं पान. मला आठवतंय. तू म्हणालीस, बघितली."

त्या क्षणी माझ्या तोंडात खरं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. मग मला रुम्याना दिसली, बसच्या पायरीवर.

"माझ्या चिठ्ठीत 'सगळं ठीक' होतं," मी म्हटलं.

"पण तू कामाला लागले म्हणालीस."

"केस विंचरायच्या गं. उवा होऊ नयेत म्हणून. तू रोज कर म्हणालीस, मी करत गेले."

दाफिन्का माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे घड्या बदलल्या. सगळ्या सारख्याच ना. मीच बदलल्या."

मी काही म्हटलं नाही. न बोलणं किती सोपं असतं. बसचा आवाज असतो, रस्ता असतो, कोणी ना कोणी खोकत असतं.

पुढचे दोन आठवडे ती नेवेनाच्या वर्गातल्या सव्वीस घरांत फिरली. पाच वर्षांपूर्वी तुमच्या पोराच्या चिठ्ठीत डोळ्याचं काही लिहिलेलं होतं का? कोणालाच आठवेना. आठवणार कसं? मग शाळेत पालकांची सभा झाली, तिथे ती आपणहून उभी राहिली. म्हणाली, "एका मुलीचा डोळा माझ्या हलगर्जीमुळे गेला. चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीत चूक माझी झाली. कोणाला माझ्याकडून पोरं काढून घ्यायची असतील तर मी समजू शकते."

खाटकाची बायको मागून म्हणाली, "मग आमच्या बोरीसचं पोटदुखीचं कोणाच्या घडीत गेलं, सिस्टर?" चार जण हसले. हेडमास्तरीणबाईंनी टेबल ठोकलं. दाफिन्का उभीच. मी तिसऱ्या रांगेत होते, पर्स मांडीवर घट्ट धरून, जणू ती कोणी चोरणार होतं. रुम्यानाने इटलीहून टेलिफोनवर दाफिन्काला जे नाही ते सुनावलं. मला मात्र म्हणाली, "आई, तुझा काय दोष."

नेवेना माझ्याकडेच राहिली.

चिठ्ठ्या बंद झाल्या. त्यानंतर दाफिन्काने कोणाच्याही हाती कागद दिला नाही. पोराला काही निघालं की शाळा सुटल्यावर स्वतः घरी जायची, आईला किंवा आजीला समोर बसवून सांगायची, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायची. "आता तू मला सांग, काय करायचं ते." वरच्या वस्तीत जायची, नदीपलीकडे जायची, डोंगरातल्या त्या सात घरांपर्यंत चालत जायची, जिथे पोस्टमनही आठवड्यातून एकदाच जायचा. डॉक्टरकडे नेणारं कोणी नसलं तर बसभाडं काढून स्वतः न्यायची. ज्या घरात पोरंबाळं आहेत तिथे म्हाताऱ्याही असतात, तर त्यांचं बीपी बघायला लागली. माझा वार गुरुवार. गुडघे सुजायचे, तरी जायची. दारं बंद झालेली घरं दरवर्षी वाढत गेली, पोरं तीनशेवरून चाळीसवर आली, आमची शाळा बंद करून शेजारच्या शहरातल्या शाळेत मिळवली, दाफिन्का निवृत्त झाली. चालणं थांबलं नाही.

गाव म्हणायचं, काय बाई आहे, देवमाणूस. खाटकाची बायकोसुद्धा म्हणायची. मला माहीत होतं ती का चालते. प्रत्येक वेळी रस्त्याने तिची पाठ दिसली की मला वाटायचं, माझ्यामुळे चाललीय.

आणि माफीचा रविवार. ईस्टरआधीचा जो मोठा उपास, त्याच्या आधीचा तो रविवार आमच्याकडे सगळे पाळतात. लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, हात हाती घ्यायचा आणि म्हणायचं, "माफ कर." मोठ्यांनी म्हणायचं, "माफ असो तुला." मग पांढरा हलवा खायचा. पोरं तर हलव्यासाठीच माफी मागतात. वर्षभरात काय केलं ते कोणी विचारत नाही, नुसतं म्हणतात, म्हणून तर सगळ्यांना जमतं.

मी दाफिन्कापेक्षा दहा वर्षांनी मोठी. त्या सभेनंतरच्या पहिल्या माफीच्या रविवारी ती माझ्या दाराशी आली. ज्या घरात तिच्या नात्याचं कोणी नाही त्या घरी, सगळ्यांच्या आधी. तिने माझा हात धरला.

"माफ कर, अक्का."

मी म्हटलं, "माफ असो तुला."

बारा वर्षं. दरवर्षी ती आली, दरवर्षी मी तिला माफ केलं. आता मला सांगा, अशी बाई कुठे बघितलीत, जी आपल्या गुन्ह्याची माफी दुसऱ्याला वाटत बसते, वर हलवाही खाऊ घालते?

तेराव्या वर्षी रस्त्यावर बर्फ गोठलेलं होतं. दाफिन्का काठी टेकत टेकत आली. पायरीवर घसरली, मी आत ओढून घेतली. ती चुलीजवळ बसली, पण हात पुढे केला नाही.

"अक्का, यंदा एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "तू दरवर्षी म्हणतेस, माफ असो. पण तोंड वळवून म्हणतेस. एकदाही माझ्याकडे बघून नाही म्हणालीस. मी आता सहासष्टची आहे, छातीत पाणी झालंय असं व्रात्साचे डॉक्टर म्हणतात. मला नुसतं तोंडदेखलं नको. खरंच माफ केलंयस का मला? नसशील तर नाही म्हण. मी समजेन."

मी हलव्याची बशी खाली ठेवली.

"तुला माफ करायला माझ्याकडे काहीच नाही," मी म्हटलं. "चिठ्ठी बरोबर आली होती. अर्धं पान. मला वाचता आली नाही. मला वाटलं, उवा आहेत. मी ती जाळली."

ती म्हणाली, "काय?"

"जाळली. आणि बसमध्ये तुला खोटं सांगितलं. रुम्याना पोरीला नेईल म्हणून."

ती चुलीकडे बघत होती. मी वाट बघत होते की ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. काही म्हणा, चाळीस वर्षं तिच्या चांगुलपणावर जगलेलं गाव आहे आमचं, मलाही तीच सवय.

"मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतंस," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "रांगेत म्हणाली असतीस. दुसऱ्या दिवशी म्हणाली असतीस. मी येऊन वाचून दाखवली असती, कोणाला कळलंही नसतं. माझं कामच ते होतं."

"हो."

"आणि ती सव्वीस घरं, अक्का? ती सभा?"

"हो."

"नेवेनाला माहीत आहे?"

"नाही."

ती उठली. मी हात द्यायला गेले, तिने काठी मध्ये धरली. पायऱ्या एकटी उतरली, एक एक, बाजूच्या कठड्याला धरून. हलव्याला हात लावला नव्हता. मी दारात उभी राहून म्हटलं, "माफ कर, दाफिन्का." तिने मागे बघितलं नाही.

मी त्याच दिवशी नेवेनाला प्लोवदिवला टेलिफोन केला. ती तिथे एका बेकरीत काम करते. पंचवीस वर्षांची. मी सगळं सांगितलं. पलीकडे ओव्हनची घंटा वाजली, कोणीतरी तिला हाक मारली, ती गेली नाही.

"दाफिन्का सिस्टरला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. उठून गेली."

"बरं केलं," नेवेना म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आज मला तुझ्याशी बोलायचं नाहीये, आजी. मी करीन नंतर." तीन आठवड्यांनी केला. दाफिन्काला मात्र तिने त्याच संध्याकाळी केला होता. त्या दोघी काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

सोमवारी मी पावाच्या रांगेत उभी राहून पेन्काला सगळं सांगितलं, मोठ्याने. पेन्काला सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. पेन्का म्हणाली, "आता कशाला उकरलंस गं? झालं गेलं." आणि खाटकाची बायको म्हणाली, "बघ ना, त्यातून चांगलंच निघालं. नाहीतर ती एवढी घरोघर फिरली असती का?" मी तिला म्हटलं, "तू गप्प बस. तू त्या सभेत हसली होतीस." काही दिवस माझ्यापासून रांग जरा लांब उभी राहायची. ठीकच होतं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी मला वाटलं, ती येणार नाही. अकरा वाजता फाटक वाजलं. दाफिन्का आत आली, बसली, पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. मोजलं. "एकशे साठ, नव्वद. मीठ कमी कर." वहीत लिहिलं, उठली, गेली. पुढच्या गुरुवारी तसंच. उन्हाळाभर तसंच. आकडा आणि मीठ, यापलीकडे शब्द नाही. मी कॉफी ठेवायचे, ती गार व्हायची. दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे ती तास तास बसते हे मला माहीत होतं. माझ्याकडे सात मिनिटं. मी घड्याळात बघायचे. पण एकही गुरुवार तिने चुकवला नाही.

सप्टेंबरात ती खूपच सुकली. श्वास लागायचा, फाटकापासून दारापर्यंत येताना दोनदा थांबायची. कानांना नळीतलं ऐकू येईना, तर नेवेनाने तिला बॅटरीवर चालणारं यंत्र पाठवलं, आकडे आपोआप दाखवणारं. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी तिने पट्टा बांधला, बटण दाबलं, यंत्र घुरघुरलं. ती खिसे चाचपायला लागली.

"चष्मा राहिला," ती म्हणाली. थांबली. मग यंत्र माझ्याकडे वळवलं. "वाच."

आकडे छापील होते, मोठे. मी बोट ठेवलं. एकशे ब्याऐंशी, अठ्ठ्याण्णव. आदल्या दिवशी मी खारवलेली कोबी चांगली वाडगाभर खाल्ली होती, आणि तिची बोलणी खायची माझी तयारी नव्हती. शिवाय तिचा तो श्वास बघून वाटलं, कशाला हिला आणखी काळजी. एकशे साठ म्हणणं किती सोपं होतं.

"एकशे ब्याऐंशी," मी म्हटलं. "खाली अठ्ठ्याण्णव. कोबी खाल्ली."

ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी त्या बसमध्ये बघितलं होतं तसं, बराच वेळ. या खेपेला मी खिडकीकडे बघितलं नाही. मग तिने वही उघडली, डोळ्यांजवळ धरली आणि मी सांगितलेला आकडा लिहिला. यंत्र स्वतःकडे वळवून बघितलं नाही.

"दोन दिवसांनी परत मोजायला येते," ती म्हणाली, आणि समोरची कॉफी उचलली. अर्धी प्यायली. मग म्हणाली, "साखर फार घालतेस, अक्का."

शनिवारी मी सकाळपासून बाही वर करून बसले होते. साडेअकराला फाटक वाजलं, पण ती पेन्का होती. ती आत आली नाही. तिथेच उभी राहून रडायला लागली.